आत्या नाव घेऊन निघाली

कोल्हापूर-गगनबावडा एसटीला दानेश्वरी कंडक्टर असली की कळ्यापासून साळवणपर्यंत कुणाच्या घरी काय शिजतंय हे कळायला दुसरं काही लागत नाही. एका हातानं तिकिटाचं यंत्र दाबत आणि दुसऱ्या हातानं दांडी धरत ती गाडीभर बातम्या वाटत जाते. "पुढं सरका पावणं, पुढं सरका! मधी काय वरातीत उभारलाय व्हय? आणि मावशी, तुमच्या थोरल्याचं ठरलं म्हणं! मुलगी आसगावची की, मला काल तिच्या मामानंच सांगितलं!" मावशीला ही बातमी त्या वेळी पहिल्यांदा कळलेली असते.

मनानं बाई सोन्यासारखी. उतारूचं छत्री-डबं काही राहिलं तर उचगावच्या आपल्या घरी नेऊन, पुसून, दुसऱ्या दिवशी परत आणून देणार. पण पोटात काही राहायचं नाही. तीन वर्षांमागं चुलत बहिणीच्या पोराचं बारसं होतं आणि नाव ठेवायला हीच आत्या... म्हणजे मानलेली. ते नाव तिनं गाडीत एकाच बाईला सांगितलं. ती बाई त्याच गावची निघाली. दानेश्वरी मांडवात पोचेपर्यंत बायका पोराला नावानं हाका मारून खेळवत होत्या. आत्यानं पाळण्यावर वाकून कानात सांगायचं, मग बाहेर फोडायचं, तो मान तिच्या डोळ्यांदेखत हवेत गेला. अजून पाहुण्यांत कुणी दिसलं की विचारतं, "काय बाई, पुढचं नाव कुठल्या स्टॉपला?"

आणि आता सख्ख्या भावाला मुलगी झाली होती. महांतेश गदगला, पवनचक्क्यांच्या कामावर. लग्नाला आठ वर्षं झाल्यावर पाळणा हलला. आई-वडील गेल्यापासून दानेश्वरीला माहेर म्हणजे तो एकटा. नाव आत्यानंच ठेवायचं, हे ठरलेलंच; पण महांतेशची सासू बसम्मा फोनवर स्पष्ट बोलली होती.

"तुमची अक्का भाळ चलो, लई चांगली हाय, जावईबापू. पण तिचं तोंड म्हंजे जत्रेतला भोंगा. पाळण्याआधी नाव फुटलं तर माझ्या नातीच्या कानात शिळं नाव जाणार. त्यापरीस हुबळीची तुमची चुलत बहीण बोलवा की. ती बोलतच न्हाय."

महांतेशनं सासूला शब्द दिला. "अक्का फोडणार न्हाय. फुटलंच, तर हुबळीची ठेवू दे नाव. मी मधी पडणार न्हाय."

हे सगळं त्यानं बहिणीला सांगितलं आणि मग दोघांनी मिळून फोनवर नाव ठरवलं. इंचरा. कानडीत पाखरांचा गोड आवाज. दानेश्वरीनं ते नाव सहा दिवस पोटात ठेवलं. नवऱ्याला, बाळाप्पाला, सांगितलं नाही. गाडीत तर ती इतकी गप्प, की ड्रायव्हरनं वळून विचारलं, "बाई, दवाखान्यात जाऊन या की. कळं गेलं तरी तुमी बोलला न्हाईसा."

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी ती कुंची, दुपटी, चांदीचे वाळे बॅगेत भरत होती. पाच वर्षांची मोना पलंगावर पाय हलवत बसली होती.

"आई, इंचराला हे वाळं मोठं न्हाय व्हणार?"

वाळे खाली पडले.

"तुला कुणी सांगितलं गं?"

"तूच. मामासंगं फोनवर बोललीस की. मी पलंगाखाली व्हतो."

"कुणाला बोललीस?"

"कुणाला न्हाय." मोनानं विचार केला. "फकस्त विठाबाई आजीला. आणि तिच्या म्हशीला."

विठाबाई शेजारची, गदगला तिचं कुणी नव्हतं, आणि म्हैस भरवशाची. पण पोरगी? पोरगी आईवर गेली होती. उद्या सकाळी निघायचं, संध्याकाळी गदग, परवा सकाळी पाळणा. एवढा वेळ हे तोंड बंद ठेवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी बाळाप्पानं दानेश्वरी, मोना आणि धाकट्या प्रभुलिंगला स्टेशनवर सोडलं. शिरोलीच्या फौंड्रीत त्याला सुट्टी नव्हती. "प्रभूला दारात उभा करू नको. पाणी बाहेरचं घेऊ नको. आणि पोरीला..."

"पोरीचं माझ्यावर सोडा."

"तेच की. तुझ्यावर सोडायचं म्हंजे..." बाळाप्पानं तिथंच आवरतं घेतलं. गाडी हालली होती.

तिरुपतीची गाडी, खिडकीची जागा. अडीच वर्षांचा प्रभुलिंग चढल्या चढल्या समोरच्या माणसाचा एक बूट घेऊन बसला. समोर हंबीरराव, कागलकडचे गुळाचे व्यापारी, बेळगावला निघालेले. मिशा अशा की प्रभू बूट सोडून त्यांच्याकडंच बघत राहिला.

"काय ताई, पोरास्नी घिऊन लांब?"

दानेश्वरी उत्तर देणार तोवर मोना उठून उभी. "आमी मामाच्या बाळाचं नाव ठेवायला चाललोय! मला नाव ठावं हाय!"

"आरं वा! काय गं नाव?"

दानेश्वरीनं मोनाच्या तोंडावर हात ठेवला. हात चावला गेला. मग तिनं पोरीला मांडीवर घेऊन समजावलं, की तोंडाला कुलूप लावायचं, किल्ली खिडकीतून टाकायची, आणि गदगला पाळण्यापाशी कुलूप उघडलं की बाहुली. मोनानं कुलूप लावलं, किल्ली फेकली, गाल फुगवून बसली. रुकडी गेलं. हातकणंगले गेलं. जयसिंगपूरला चिक्कीवाला आला आणि कुलूप आपोआप उघडलं. चिक्की खाता खाता मोना त्याला म्हणाली, "इंच..."

"मोने!"

अख्खा डबा वळून बघायला लागला. गगनबावड्याच्या घाटात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज तो. झोपलेला एक म्हातारा उठून "कुठलं आलं?" म्हणून धोतर सावरायला लागला.

मिरजेला इंजिन गाडीच्या दुसऱ्या टोकाला लागलं आणि गाडी आली त्याच दिशेला निघाली. मोनानं भोकाड पसरलं. "गाडी परत कोल्हापूरला चालली! मला बाहुली मिळणार न्हाय!" ते ऐकून प्रभूनंही सूर लावला, आपण का रडतोय हे माहीत नसताना. हंबीररावांनी काडेपेटी मांडीवर सरकवून रुळांचा फाटा समजावून सांगितला. मोनाचे डोळे पुसले गेले आणि उपकार फेडायला तिनं त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"मामा, बाळाचं नाव इंचरा हाय. कुणाला सांगू नका."

कानाशी म्हणजे काय, पलीकडच्या दोन बाकांनी ऐकलं.

दानेश्वरीनं कपाळाला हात लावला. डोळ्यांत पाणीच आलं तिच्या. हंबीररावांना तिनं सगळी हकीगत सांगितली: बसम्मा, हुबळीची बहीण, महांतेशनं दिलेला शब्द. "भावानं पहिल्यांदा काय मागितलं माझ्यापाशी, तर गप बसायचं. आणि तेवढं बी माझ्या घरातनं जमत न्हाय. बसम्मा पोरीला दारातच विचारणार बघा. पेढा हातात ठिवून विचारणार."

"मग पोरीला बोलूच देऊ नका."

"बघितलासा की. गप बसायला हिला झोप तरी लागायला पायजे, न्हायतर ताप तरी यायला पायजे."

गाडी कुडचीच्या पुलावर धडधडत होती. दानेश्वरी खालच्या नदीकडं बघत बसली. आणि तिला बाजाराच्या दिवशीचा आपला कळ्याचा स्टॉप आठवला. चाळीस माणसं एकदम चढतात, चाळीस जण चाळीस गावं ओरडतात. त्यात एकाचंही गाव ऐकू येत नाही. ओरडणाऱ्याला गप करून तिथं कधी काही साधलं नव्हतं.

ती उठली. दांडी धरली.

"ऐका वं समदी! माझ्या भावाच्या पोरीचं उद्या बारसं हाय. ह्या माझ्या मोनाला एकेक जणानं एकेक नाव सांगायचं. चांगलं, वाईट, कसलंबी चालंल. पुढं सरका, लाजू नका!"

गाडीतल्या माणसांना वेळ कुठं घालवायचा हा प्रश्नच असतो. हंबीररावांनी मिशीवर हात फिरवून सुरुवात केली: "ताराराणी!" म्हातारा म्हणाला, "आमच्या आज्जीचं ठेवा. कोंडाबाई." एका कॉलेजच्या पोरीनं फोनमधून डोकं वर न काढता "कियारा" सांगितलं. मोना प्रत्येक नाव त्या त्या माणसाच्या आवाजातच म्हणायची. ताराराणीला मिशा पिळायची, कोंडाबाईला दात पडल्यासारखं तोंड करायची, कियाराला मान खाली घालून अंगठा फिरवायची. डबा हसून लोटपोट. घटप्रभेपासून कानडी नावं चढायला लागली: नागव्वा, निंगव्वा, चन्नव्वा. चहावाला आला, त्यालाही विचारलं. त्यानं घाईत "चाय गरम" एवढंच सांगितलं. मोनानं तेही घेतलं. बेळगावला हंबीरराव उतरले तेव्हा पोरीच्या डोक्यात वीसेक नावं झाली होती. खिडकीशी येऊन ते म्हणाले, "ताई, उद्या आमची ताराराणी मागं पडली तर पडू दे. पण तुमचा मान ऱ्हाऊ दे."

लोंढ्याच्या जंगलात दोन्ही पोरं झोपली. हुबळीला उठून मोनानं आणखी पाच गोळा केली.

गदगला महांतेश घ्यायला आला होता. "अक्का, नाव आतच हाय नव्हं?" एवढंच त्यानं विचारलं. दानेश्वरी म्हणाली, "आत हाय. पण गर्दीत हाय." त्याला काही कळलं नाही आणि त्याचा चेहरा पडला तो घरापर्यंत तसाच.

बसम्मा दारातच उभी. कपाळावर विभूतीची पट्टी, हातात धारवाडी पेढा. दानेश्वरीकडं बघून "बा, बा, ये" म्हणाली आणि सरळ मोनापुढं वाकली. आत उंबऱ्यापाशी हुबळीची चुलत बहीण नवी साडी नेसून, न बोलता उभी होती.

"पुट्टी, बाळाचं हेसरु एनु? नाव काय गं बाळाचं? आजीला सांग, पेढा खा."

महांतेशनं डोळे मिटले.

मोनानं पेढा आधी तोंडात टाकला. मग कमरेवर हात ठेवून, "ताराराणी!" मिशा पिळल्या. "कोंडाबाई! कियारा! नागव्वा, निंगव्वा, इंचरा, चन्नव्वा, चाय गरम, गोदावरी, रेणुका..." एकेका आवाजात, न थांबता. आतल्या खोलीतून बाळंतीण शिवांजलीचं हसू ऐकू आलं, मग तिचंच ओरडणं, "अय्यो, हसवू नका, टाके हायत!"

"थांब, थांब!" बसम्मा खाली बसली. "खरं कुठलं त्यातलं?"

मोना विचारात पडली. बोटं मोजली. "कोंडाबाई असंल. ते आजोबा लई म्हातारं व्हतं."

बसम्मानं दानेश्वरीकडं बघितलं. दानेश्वरी प्रभूच्या नाकाला रुमाल लावत होती, अगदी मन लावून. हुबळीच्या बहिणीनं आयुष्यात पहिल्यांदा मत दिलं: "कोंडाबाई नको गं बाई."

रात्रीच्या जेवणापर्यंत बसम्मानं आणखी दोनदा प्रयत्न केला. एकदा होळगी, म्हणजे पुरणपोळी देऊन, एकदा बाहुली दाखवून. दोन्ही वेळा तिला आणखी चार नवी नावं मिळाली.

सकाळी पाळणा सजला. बायका गोळा झाल्या, घुगऱ्या वाटल्या. दानेश्वरीनं बाळाला कुंची घातली, वाळे घातले, आणि पाळण्यावर वाकली. मागं अठरा बायका कान टवकारून, आणि सगळ्यात पुढं बसम्मा. बाळ उघड्या डोळ्यांनी आत्याकडं बघत होतं. दानेश्वरीनं त्याच्या इवल्या कानाशी ओठ नेले, "कुर्रर्र" केलं आणि नाव सांगितलं. मग सरळ होऊन बायकांकडं वळली.

"इंचरा!"

"इंचरा," बायकांनी एकमेकींना सांगितलं. जिभेवर ठेवून बघितलं. "छान हाय की! चांगलं हाय!" महांतेश दाराशी उभा होता, त्यानं बहिणीकडं बघून मोठ्यानं श्वास सोडला.

आणि मग नाव ठेवणाऱ्या आत्याच्या पाठीत रीतीप्रमाणं बायकांचे बुक्के पडायला लागले. कुणी हलका, कुणी थट्टेचा. शेवटी गर्दी बाजूला सारत बसम्मा आली. साडीचा पदर खोचला, हात मागं नेला आणि असा एक दणका घातला, की दानेश्वरी पाळण्याच्या दोरीला धरून उभी राहिली.

"आई गं! अहो अव्वा, पाठ हाय का पोतं?"

"आत्याची पाठ हाय ती," बसम्मा म्हणाली, "सोसायला पायजेच." आणि दुसरा घालायला हात पुन्हा मागं नेला.