शाडूचे गोळे

मला कुणी "बाई" म्हटलेलं कधी आवडलं नाही. बाई म्हटलं की समोरच्या पोराची हाताची घडी होते आणि बोट तोंडावर जातं, हे मी काळाचौकीच्या त्या खोलीत पहिल्याच दिवशी पाहिलं. तीन-चार वर्षांची पोरं. शाळेचं तोंडही न पाहिलेली. मी उंबऱ्यात पाय ठेवल्याबरोबर सगळी ताठ झाली. असं बसायला कुणी सांगितलं, म्हणून विचारलं तर एकानंही उत्तर दिलं नाही. देणार कसं, बोट तोंडावरच होतं. माझं डोकं तिथेच फिरलं.

मी गिरगावातली. वडील कचेरीत कारकून. दादरला बालशिक्षणाचा कोर्स करते म्हटल्यावर आईनं विचारलं होतं, "पोरांना खेळवायला कोर्स कशाला लागतो गं? तुम्हाला काय आम्ही कोर्स करून वाढवलं?" कोर्समध्ये आम्हाला सांगत, लहान मूल हातांनी विचार करतं. त्याला माती द्या, पाणी द्या, चिंचोके द्या, ठोकळे द्या, आणि तुम्ही गप्प बसून बघा. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, पण ही गोष्ट मला इतकी पटली की हे गिरणगावातच करायचं असं मी मनाशी धरून बसले. गिरगावातल्या मुलांना निदान घरात पुस्तकं तरी होती.

खोली चाळीच्या मंडळाची, तळमजल्यावरची. तिच्यात कॅरमबोर्ड, लेझिमांचा ढीग, गणपतीच्या मखराच्या फळ्या आणि मोर्चाचे फलक एकमेकांना टेकून उभे असायचे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. संध्याकाळी त्याच खोलीत सभा भरायची, सकाळी मी विड्यांची थोटकं झाडून काढायची आणि पोरांना बसवायची. त्यांचा पहिला मोकळा खेळ कुठला असेल तर मोर्चाचा. एकजण फलकाची काठी धरायचा आणि बाकीचे ओरडायचे, "खाऊ मिळालाच पाहिजे." मी खूश होते. बोटं तोंडावरून खाली आली होती ना.

मंडळाचे कार्यवाह खूश नव्हते. ते एका गिरणीत जॉबर, म्हणजे खात्यावरचे मुकादम होते, हाताखालची माणसं त्यांना टरकून असत. दाराशी उभे राहून ते रोज तेच विचारायचे, "बाई, आज काय शिकवलं?"

"आज पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतलं."

"ते आमची पोरं नळावर रोज करतात."

यावर मी काय बोलणार? बोलले मात्र. भरपूर बोलले. मुलाच्या हाताला अंदाज येतो, लक्ष टिकतं, पुढे लिहिताना बोटं वळतात, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाटीवर कधी येणार?" मी हात टेकले.

माती मला लालबागच्या एका गणपतीच्या कारखान्यातून मिळायची. मूर्ती करताना खाली पडलेला, सुकलेला शाडू कारखानदार गोणपाटात भरून ठेवायचा. मी तो भिजवून, मळून पोरांपुढे ठेवायची. चाळीतल्या बायकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. देवाची माती पोरं चिवडतात, पायाखाली येते, असं चाललं होतं त्यांचं. मी म्हटलं, अजून मूर्ती झाली नाही तोवर माती ती मातीच. त्यांना ते पटलं नाही, पण माती राहिली.

त्या जूनमध्ये ती मुलगी आली. आईनं हाताला धरून आणली. आई एका गिरणीत वाइंडिंग खात्यात, म्हणजे सूत गुंडाळायच्या यंत्रावर. माणसं मालवणकडची. माझ्याशी बोलताना आई भाषा सरळ करून बोलायची, पण मन भरून आलं की मालवणी बाहेर पडायची. मुलीला म्युनिसिपालिटीच्या शाळेत पहिलीत घालायला नेलं होतं. हेडमास्तरांनी नाव विचारलं. मुलगी गप्प. परत विचारलं. गप्पच. त्यांनी सांगितलं, पुढच्या जूनमध्ये आणा, स्वतःचं नाव सांगितलं तर घेऊ, नाहीतर मुक्या-बहिऱ्यांची शाळा बघा.

"मुकी नाय हो ती," आई म्हणाली. "आधी बोलायची. बडबडायची. बाई, माझ्या चेडवाचं काय होणार?"

चळवळीतल्या गोळीबाराच्या दिवसांत शेजारच्या खोलीतला मुलगा खाली रस्त्यात पडला होता. त्याला चादरीखाली ठेवलं होतं, आणि ही कठड्याच्या गजांतून बघत होती. आई म्हणायची, तेव्हापासून वाचा गेली. वरच्या मजल्यावरची एक बाई म्हणायची, कसली वाचा अन् कसलं काय, पोर पहिल्यापासूनच घुमी. खरं काय ते मला माहीत नाही.

माझ्याकडे ती कोपऱ्यात बसायची. हाताची घडी, तोंडावर बोट. शाळेला हवी तशी अगदी. कार्यवाहांनी तिच्याकडे बोट दाखवून मला सांगितलंही, "बघा, ही एक शहाणी आहे."

मी तिला काही विचारायचं नाही असं ठरवलं. तिच्यापुढे शाडूचा ओला गोळा ठेवायची आणि दुसऱ्या पोरांकडे वळायची. बरेच दिवस तो गोळा तसाच सुकून जायचा. मग एका सकाळी पाहिलं तर तिनं त्याचे छोटे छोटे गोळे केले होते आणि फरशीवर ओळीनं मांडले होते. दुसऱ्या दिवशी परत तेच. पुढे तिनं माझं हात पुसायचं फडकं ओढून घेतलं आणि ते एका गोळ्यावर पांघरलं. आणि तिचे ओठ हलले.

मी फलकांच्या मागे काहीतरी शोधतेय असं दाखवून जवळ गेले. ती कुजबुजत होती. "गप ऱ्हव. खाली बस. मान वर काढू नको." एकेका गोळ्याला सांगत होती, दाबून दाबून खाली बसवत होती. पांघरलेल्या गोळ्याला मात्र काहीच सांगत नव्हती.

मी तिथेच, मखराच्या फळ्यांवर बसून राहिले. मला वाटलं, बोलली. आज ना उद्या त्या पांघरलेल्याशीही बोलेल, आणि मग आपल्याशी. कोर्समध्ये सांगितलेलं सगळं खरं आहे असं मला तेव्हा वाटलं, आणि त्यानंतर इतकं कधीच वाटलं नाही.

आनंदाच्या भरात मी तिच्या आईला सांगितलं. सांगायला नको होतं असं मी म्हणणार नाही. आईला सांगायचं नाही तर कुणाला? संध्याकाळी ती पाळीवरून आली, केसांत कापसाचे तंतू तसेच. मी म्हटलं, "तुमची मुलगी बोलते. मातीशी बोलते." काय बोलते तेही सांगितलं. आईचा चेहरा पांढराफटक पडला.

"तेंच अजून धरून बसलाहा," ती म्हणाली. मग भाषा सावरून म्हणाली, "बाई, ते नका करू देऊ तिला. चांगलं काहीतरी शिकवा."

"अहो, तेच चांगलं आहे. तिला ते सांगून टाकू दे. घाई करू नका."

"जूनपर्यंत नाव आलं पाहिजे ना."

दोघींना एकच हवं होतं, मुलीनं बोलायला हवं होतं. मला वाटलं, हिला समजलं. ती मानही हलवत होती.

श्रावण लागला आणि कार्यवाहांनी निरोप दिला की गणपतीसाठी खोली रिकामी करायची आहे. त्याआधी मंडळी येऊन पोरांची परीक्षा घेतील. काही येत असेल तर विसर्जनानंतर खोली परत मिळेल, नाहीतर पाढे घेणारे एक मास्तर त्यांनी पाहून ठेवले होते. बालवाडीत परीक्षा कसली, म्हणून मी खूप वाद घातला. त्यांनी जॉबरच्या आवाजात एवढंच विचारलं, "काम बघायचं नाही तर पसंत कसं करायचं?" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

परीक्षेची बातमी चाळभर गेली. पोरांनी मातीचं काही करून दाखवायचं असं ठरलं होतं, तेही गेलं. आता शाडू म्हटल्यावर लालबाग-काळाचौकीच्या माणसाच्या डोळ्यांपुढे दुसरं काय येणार? सगळ्या घरांतून पोरांना गणपती करायला शिकवायला सुरुवात झाली. कारखान्यातून शाडू मागून आणला, नाही मिळाला तिथे कणकेवर भागवलं. आधी पाट, मग पोट, मग डोकं, मग सोंड डावीकडे. सोंड उजवीकडे गेली की पाठीत धपाटा, कारण उजव्या सोंडेचं सोवळं कडक. मला यातलं काही माहीत नव्हतं. मला दिसलं ते एवढंच, की पोरं हळूहळू सगळी एकसारखं करायला लागली. मोर्चा बंद झाला. मातीतले साप, पोळ्या, ट्रामगाड्या, सगळं बंद. पाट, पोट, डोकं, सोंड, असं तोंडानं म्हणत पाढ्यांसारखं चालायचं. मी गोळा मोडून म्हणायची, काहीतरी वेगळं करा रे. ती घाबरून परत पाटापासून सुरुवात करायची.

ती मुलगीही करायला लागली होती. तिची बोटं आईवर गेलेली, सुतावर चालावीत तशी मातीवर चालायची. तिचा गणपती सगळ्यांत सुबक. कुजबुज थांबली होती. फडकं मी मुद्दाम तिच्याजवळ ठेवायची. तिनं त्याला हात लावला नाही. एकदा तिच्या मनगटावर वळ दिसला. आईला गाठून मी संतापानं विचारलं, "मारता तिला?"

आई रडायलाच लागली. "ती परत ते गोळे मांडते हो घरी. फडकं घालते. मला नाही बघवत. मग हातावर देते एक, आणि म्हणते गणपती कर. बाप्पा कर, तो बघून घेईल. चुकते तेव्हा माझ्या तोंडाकडे बघते. मी बरोबर म्हटलं की पुढे जाते. बाई, निदान माझ्या तोंडाकडे बघायला तरी लागली."

माझा सगळा राग तिथल्या तिथे विझला. पाळी करून आलेली बाई, चुलीसमोर बसून, कणकेचा गोळा घेऊन पोरीला वाचवायला बघते आहे. तिला मी कोर्समधलं काय सांगू? मी सांगितलंही. ती ऐकत होती, डोळे पुसत होती. काही उपयोग नाही हे सांगता सांगताच मला कळत होतं.

परीक्षेच्या दिवशी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. कार्यवाह खुर्चीवर, मंडळी सतरंजीवर, आया दारात आणि खिडकीत. पोरांपुढे गोळे ठेवले. बघता बघता गणपतींची रांग तयार झाली, सगळ्यांच्या सोंडा डावीकडे. लोक माना डोलवायला लागले. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

मुलीनं आपला गणपती पुरा केला. सोंड बोटानं गुळगुळीत केली. मग मान वर केली, थेट माझ्याकडे पाहिलं, आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा स्वच्छ आवाजात म्हणाली,

"बाई, बरोबर आसा?"

मग दारातून आईचा हुंदका आला. बायका म्हणाल्या, बोलली, बोलली गो बाय, बाप्पानं वाचा दिली. कुणीतरी धावत जाऊन साखर आणली. कार्यवाह खुर्चीवरून उठले, त्यांचे डोळे खरंच भरून आले होते. आणि मुलगी माझ्याकडे बघत उत्तराची वाट पाहत होती. मी म्हटलं, "हो, बरोबर आहे." दुसरं काय म्हणणार होते?

खोली मला परत मिळाली. कार्यवाह म्हणाले, "बाई, आता पटलं आम्हाला तुमचं. शिकवलं की येतं. गणपती झाला, आता फळं घ्या, मग अक्षरं घ्या मातीची, सगळ्यांकडून एकसारखी." दाराशी येऊन त्यांनी नंतर कधीच काही विचारलं नाही. त्यांनी विचारावं आणि मी भांडावं असं मला फार वाटायचं.

पुढच्या जूनमध्ये मुलगी हेडमास्तरांना नाव सांगून पहिलीत गेली. त्याच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. बाकीची पोरं घरी गेली होती, तिची आई यायची होती. मी चांगला मऊ गोळा मळला, तिच्यापुढे ठेवला, फडकं शेजारी ठेवलं. म्हटलं, "आज कुणी बघत नाही. तुला हवं ते कर. ओळीनं मांडायचे असले तर मांड."

तिनं गोळा दोन्ही हातांत धरला. फडक्याकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी गप्प बसले, आयुष्यात कधी बसले नव्हते इतकी गप्प. माती तिच्या हातात सुकायला लागली, कडांना भेगा पडल्या. मग तिनं तो गोळा जपून माझ्या मांडीवर आणून ठेवला.

"काय करू, बाई," ती म्हणाली, "तुमी सांगा." आणि जागेवर जाऊन तिनं हाताची घडी घातली.