उसना हात

डॉक्टरने नेमकं कोणाचं दुखणं ओळखलं, हे मला आजही धड सांगता येत नाही. विचार करायला बसलं की डोकं भणभणतं.

आम्ही उंद्रीकडचे माळी. बापाची विहिरीवर वांगी-मेथी, आणि आई देशमुखांकडे पाणी भरायची, भांडी घासायची. मी नवी लग्न झालेली, पंचमीला माहेरी आले होते. तेव्हाच देशमुखांची सून आजारी पडली. आम्ही तिला बाईसाहेब म्हणायचो. तिला अन्न जाईना, उठवेना. चिखलीच्या सरकारी दवाखान्यात नागपूरहून बदलून आलेला डॉक्टर होता; त्याला आणायला बैलांची दमणी जुंपली. आमच्यासारख्यांनी दवाखान्यात जायचं आणि दवाखान्याने देशमुखांकडे यायचं, अशीच रीत.

पण त्या घरच्या बायका गोशातल्या. परक्या पुरुषाने सुनेचं मनगट धरायचं, हे सासूबाईंच्या जिवावर आलं. त्यांनी तोड काढली. बाईसाहेब आतल्या खोलीत निजून राहिल्या आणि पडद्याआड बसवलं माझ्या आईला. हातात सुनेच्या पाटल्या चढवल्या, दुखणं पढवलं, आणि घट्टे दिसतील म्हणून मूठ मिटून ठेवायची ताकीद दिली. आईने हात बाहेर काढला आणि पोपटासारखं सगळं सांगितलं. मागे बसून मला हसू आवरेना.

डॉक्टरने नाडी धरली, सोडली, पुन्हा धरली. मग देशमुखांना म्हणाला, "यांचं हृदय फार अशक्त झालं आहे. खाटेवरून उठू देऊ नका. पाण्याची घागरसुद्धा उचलता कामा नये."

माझं हसू पळालं. घरी येताना मी आईला म्हटलं, नाडी तर त्यानं तुही पाह्यली, मंग हे दुखनं कोनाचं? आई चिडलीच.

"येडी झाली काय वं? हात माहा होता, दुखनं तं त्याईचं सांगतलं नं मी."

चिखलीला चल म्हटलं, तर बाईसाहेब खाटेवर, मंग पानी कोन भरन, असं तिचं उत्तर. चार दिवसांनी मी सरळ बाईसाहेबांच्या सासूबाईंपुढे जाऊन उभी राहिले, नाडी आईची होती, तिलाच दाखवा म्हटलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, सुनेला तर दवा लागू पडून राह्यली.

आणि पडलीच की! औषध, दूध, आराम; बाईसाहेबांचा चेहरा भरून आला. मग मी काय समजायचं? नाडी आईची, तर गुण बाईसाहेबांना कसा आला? की डॉक्टर बोलला ते नुसतं ऐकलेल्या दुखण्यावरून? मग आईचंच खरं म्हणायचं. पण आई रांजणापाशी टेकून दम खायची, तो दम मला आधी कधी दिसला नव्हता. आधी नव्हताच, की माझंच लक्ष नव्हतं, देव जाणे. विचारलं की हसायची, म्हणायची, त्याईचं दुखनं मले चिकटलं वाटते. मला हसू येत नव्हतं, संताप येत होता, आणि तो कोणावर काढावा तेही कळत नव्हतं.

दिवाळीला परत आले, तर आई देशमुखांच्या विहिरीवर भरल्या घागरीसकट कोसळलेली. बापाने भाजीच्या गाडीत कडबा पसरला आणि आम्ही तिला चिखलीला नेलं. दवाखान्यात पडदा नव्हता. तोच डॉक्टर. त्याने नळी छातीला लावली, मनगट धरलं आणि आमच्यावर तडकला.

"इतकं होईपर्यंत काय करत होता? आधी कोणा डॉक्टरला दाखवलं नाही?"

मी तोंड उघडलं, पण हो म्हणावं की नाही, मला कळेना.

आईच बोलली. "नाही, साहेब. मले कोनीच पाह्यलं नाही."

त्यानंतर ती बोलली नाही. दिवस मावळायच्या आत गेली. मरताना ती देशमुखांची अब्रू राखत होती, की खरं तेच सांगत होती, एवढं तरी मला कोणी सांगावं.