लॉजवर खोली न मिळालेली धावपटू

दोन वर्षांपूर्वी महाडला अर्धमॅरेथॉन भरली, तेव्हा केनियाहून आलेली एक धावपटू आमच्या बिरवाडीच्या भाड्याच्या खोलीत मुक्कामाला राहिली. खरं तर तिची सोय हायवेवरच्या लॉजमध्ये केलेली होती. पण तिला दारात पाहिल्यावर मालक म्हणाला, "फॉरेनरचे कागद भरायची आमच्याकडे सोय नाय." आदल्याच वर्षी आमच्या कारखान्यात यंत्र बसवायला आलेले दोन गोरे इंजिनियर त्याच लॉजवर महिनाभर राहिले होते.

शर्यतीचं सगळं बघत होते ते माझे शाळेतले खेळाचे सर. त्यांनी मला फोन केला. "अगं, एका दिवसाचा प्रश्न आहे. तू पळणारी आहेस, तुला कळेल."

पळणारी होते. पोलादपूरच्या वरच्या वाडीतून शाळेसाठी रोज डोंगर उतरायचा नि चढायचा, त्यातच माझे पाय तयार झाले. राज्यस्तरापर्यंत गेले. मग लग्न झालं आणि औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागले. तेव्हापासून खोली ते कारखाना, कारखाना ते खोली.

संध्याकाळी सर तिला रिक्षातून घेऊन आले. उंच, सडपातळ, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असावी. सासूबाईंनी पाणी दिलं, पण परक्यांसाठी वेगळ्या ठेवलेल्या पेल्यातून. तिला त्यातलं काही कळलं नसेल. मला कळलं, तरी मी गप्प बसले. मी स्वतः रंगानं काळी. माझं लग्न ठरताना "काळी हाय, पण कामाला बरी हाय" असं सासरचे माझ्यासमोरच बोलले होते.

सासूबाई नाचणीच्या भाकऱ्या करायला बसल्या. ती उठून त्यांच्याजवळ गेली, चिमूटभर पीठ घेऊन हुंगलं आणि हसली. इंग्रजीत म्हणाली, "आमच्याकडेही हेच असतं. माझी आई याची पेज करते."

मी ते मराठीत सांगितलं. सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. "आईची सय येत असंल गो तिला," म्हणाल्या आणि तव्यावरची गरम भाकरी स्वतःच्या हातानं तिच्या ताटात वाढली.

जेवल्यावर तिनं फोनवर आपली जुनी शर्यत दाखवली. युरोपातलं मोठं मैदान, दहा हजार मीटर. मुली रेषेवर उभ्या होत्या तिथंच तिनं फोनचा आवाज वाढवला. प्रेक्षकांतले काही जण माकडासारखे आवाज काढत होते. मग शर्यत सुरू झाली. शेवटच्या फेरीत ती सगळ्यांना मागं टाकून गेली. तिच्या देशाचा झेंडा वर चढला तेव्हा तेच लोक उभे होते.

"मला वाटलं, संपलं. आता कुणी असं करणार नाही," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी विमानतळावर रांगेतल्या एकीचीच बॅग उघडली. माझी. पदक वरच होतं. ते बाजूला ठेवून तपासणारे खाली शोधत राहिले."

"मग पळायचं कशाला?" मी मोडक्या इंग्रजीत विचारलं.

ती म्हणाली, "त्यांना माझ्यासाठी उभं राहावं लागलं. तेवढं मी मिळवलं. बाकीचं राहिलंय."

सकाळी ती शर्यत जिंकली. मी रस्त्याच्या कडेला होते. लॉजवाला हार घेऊन आला, पोरांना पुढं करून फोटो काढायला लागला. तिनं काढू दिले. मग सरांना म्हणाली, "यांना विचारा, आज खोली आहे का?"

सरांनी विचारलं. तो हसला. "आहे ना, या की."

"माझी सोय झालीय," ती म्हणाली आणि माझ्याबरोबर बिरवाडीला आली.

बॅग भरताना तिनं मला परदेशातल्या एका सराव शिबिराचं सांगितलं. तिथं आपल्याकडच्या बायकाही होत्या. महिनाभर ये, मी शब्द टाकते म्हणाली. ती गेल्यावर मी ह्यांना विचारलं. ह्यांनी नाही म्हटलं नाही. "बघू," म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, "महिनाभर घर कोण बघंल?" महिन्याची रजा म्हणजे कारखान्यातली जागा गेलीच, हे मलाही ठाऊक होतं.

काही दिवसांनी तिचा मेसेज आला: पळतेस ना? मी "हो" लिहून टाकलं. ते खोटं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला पळत निघाले. अजूनही तशीच जाते. पाठीवर डब्याची पिशवी, अंगावर गणवेश. मोटारसायकलवरून जाणारे आमचेच लोक "केनिया, केनिया" करून हसतात. कारखान्याचं फाटक आलं की थांबावं लागतं. डोक्याला टोपी घालून पॅकिंगच्या सरकत्या पट्ट्यासमोर उभी राहते, तेव्हा आत घाम चालूच असतो आणि पाय अजून पळत असतात.

शिबिराचं मी ह्यांना परत विचारलेलं नाही.