बारीक फिटसुद्धा सांगायची

माझ्या धाकट्या बहिणीला शाळेपासून फिट येते. औषधं बदलून बदलून थकलो, तेव्हा नाशिकच्या डॉक्टरांनी एक यंत्र सुचवलं. ते छातीच्या कातडीखाली बसवायचं, तार मानेतल्या नसेला जोडायची आणि त्यातून मेंदूकडे थोडा थोडा करंट जात राहणार. संशोधन अजून चालू होतं. काही पेशंटना पूर्ण करंट, काहींना नावापुरता. कोणाला कोणता, हे ना पेशंटला कळणार ना तपासणाऱ्या डॉक्टरांना. मला ही शुद्ध आंधळी कोशिंबीर वाटली. बहिणीने मात्र खोदून खोदून विचारलं आणि सही केली.

तिची घाई मला ठाऊक होती. नाशिकला माझ्याकडे राहून सातपूरच्या कारखान्यात ती तयार पार्ट मापून पास-नापास करायची. एकदा कामावरच फिट आली आणि तिला घरी बसवलं. फिट आटोक्यात आहेत असं डॉक्टरांचं पत्र आणलं तरच परत घेणार होते.

दर तपासणीला वडील सटाण्याहून यायचे, डॉक्टरांसाठी कांद्याची पिशवी घेऊन. डॉक्टर घेत नसत, तरी पिशवी यायचीच. "कसं काय?" असं डॉक्टरांनी विचारलं की बहिणीच्या आधी वडीलच आपल्या अहिराणीत बोलत, "आते बरं शे, साहेब." एवढा मोठा माणूस आपल्यासाठी एवढं करतोय, त्याला तोंडावर 'गुण नाही' कसं म्हणायचं? शिवाय पत्र हवंच होतं. त्यामुळे नजर एका जागी खिळली, हात थरथरला, असल्या बारीक फिट वडील धरतच नसत. मीही शेजारी बसून मान डोलवायचे.

एका सकाळी तिच्या हातून चहाचा कप पडला. डोळे उघडे, पण ती आमच्यात नव्हती. थोड्या वेळाने सावरली. दुपारी दवाखान्यात वडील नेहमीप्रमाणे "बरं शे" म्हणाले, तर ही म्हणते, "नाही साहेब, आज सकाळीच आली. आधीही येत होत्या, आम्ही सांगितल्या नाहीत."

बाहेर आल्यावर वडील भडकले. "आते कंपनी तुले घेई का?"

"आप्पा, नापास तुकडा मी पास केला तर तो कुणाच्या तरी गाडीत बसतो. हे यंत्र उद्या दुसऱ्या कुणाच्या पोरीला बसवतील."

वडील कांद्याची पिशवी उचलून तरातरा पुढे निघाले. मला मात्र बहिणीचा इतका अभिमान वाटला की भर रस्त्यात रडू आलं.

पुढे संशोधनाचा तो टप्पा संपला आणि कळलं, तिला नावापुरताच करंट होता. माझं डोकंच फिरलं. ती हसून म्हणाली, "ताई, आमच्यासारखे नसते तर बाकीच्यांना यंत्राने गुण आला की नुसत्या आशेने, हे कळलं कसं असतं?"

मग तिचाही करंट वाढवला. फिट थांबल्या नाहीत, पण बऱ्याच कमी झाल्या. शेवटी एका तपासणीला वडील चार दिवस आधीच आमच्याकडे येऊन राहिले होते. डॉक्टरांनी सगळं विचारून पत्रासाठी लेटरहेड पुढे ओढलं. बहीण श्वास रोखून बसली होती.

तेवढ्यात वडील उठले. "साहेब, थांबा. परवा दुपारी एक आली. ही झोपेत होती, हिला माहीत नाय. मी पाहिली."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. पत्र पुढच्या खेपेला मिळालं, त्या दिवशी नाही. आणि दिवाळीतही कुणाच्या पाया पडायला कुरकुरणारी आमची बहीण दवाखान्याच्या पायऱ्यांवर, लोकांदेखत, आप्पांपुढे वाकली.