पासवर्ड कुणाला सांगायचा नसतो

आमचे हे गेले तेव्हा गॅसचं पुस्तक कुठं, विम्याचा कागद कुठं, सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हता तो एक पासवर्ड. कितीदा विचारलं असेल! "पासवर्ड कुणाला सांगायचा नसतो," एवढंच म्हणायचे आणि मिशीत हसायचे. कागलच्या एमआयडीसीतला फोरमन माणूस, पण ऐट बघावी तर संस्थानची तिजोरी राखल्यासारखी.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. लेक लग्न होऊन मस्कतला गेली आणि पन्नाशी ओलांडलेले हे राजारामपुरीतल्या इंटरनेट कॅफेत जाऊन ईमेल शिकले. दर रविवारी सकाळी मटणाची पिशवी माझ्या हातात द्यायची आणि कॅफे गाठायचं. परत येईपर्यंत माझा रस्सा उकळत असायचा. मग ओट्याला टेकून लेकीचं पत्र सांगायचे. नातू पालथा पडला, नातवाला दात आला, नातू 'आज्जी' म्हणाला. चार वर्षं मी लेकीची पत्रं अशी कानानंच वाचली. "मलाबी दाखवा की एकदा" म्हटलं की "तू कुठं त्या खुराड्यात बसतीस!" म्हणायचे. आणि मीही गप्प बसायची. तिथंच चुकलं माझं.

मग दवाखाना झाला, दोन आठवड्यांवर. आणि एक दिवस सगळं संपलंच. लेकीला दुसऱ्या खेपेचे दिवस भरत आलेले, तिला विमानात कोण बसू देणार? बाराव्या दिवशी तिचा फोन आला. आधी रडली, मग म्हणाली, "आई, मी पाठवलेलं माझ्याकडं काही राहिलेलं नाही. सगळी पत्रं, फोटो बाबांच्या खात्यात आहेत. महिनाभर उघडलं नाही तर ते लोक सगळं पुसून टाकतात. परवा महिना भरतोय."

"मग उघड की गं."

"पासवर्ड नसेल तर एक प्रश्न विचारतात. बाबांनीच लिहून ठेवलाय. 'बायकोचं नाव काय?' तुझं नाव चार तऱ्हांनी घातलं, घेतच नाही. आता उद्या सकाळपर्यंत कुलूप लावलंय त्यानं."

म्हणजे माझा नवरा यंत्राला बायकोचं नावसुद्धा खोटं सांगून गेला की काय? रागानं मला रात्रभर डोळा लागला नाही. नातवाचं सगळं बाळपण त्या खात्यात अडकलेलं, आणि हातात एकच दिवस.

तेराव्याला सकाळी जयसिंगपूरहून माझा थोरला भाऊ आला. आमच्यात दुखवट्याचं लुगडं भाऊ आणतो. दारात चपला काढता काढता त्यानं मला हाक मारली, माझ्या माहेरच्या नावानं.

मी ताडकन उठले.

लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं होतं. त्या दिवसापासून जुनं नाव उंबऱ्याबाहेर राहिलं. या घरात ते कधी कुणी घेतलं नाही. लेकीला तर ते माहीतही नव्हतं. हाक मारणारा आता एकटा दादाच उरला होता.

"दादा, चल. कॅफेत जायचंय."

नणंद आडवी आली. "वहिनी, तेरावं हाय आज! उंबरा ओलांडतीस व्हय? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. लोकांनी ठेवलंय काय माझ्या नातवाचं बोबडं बोलणं जपून?"

"भटजी येतील आत्ता!"

"बसव त्यांना. चहा दे."

दादानं लुगड्याची पिशवी खुंटीला अडकवली आणि रिक्षा बघायला गेला.

कॅफेवाले भाई मला मोकळ्या कपाळानं दारात बघून उभेच राहिले. ह्यांना त्यांनीच शिकवलेलं. "वहिनी, तुम्ही कशाला आलासा? मला बोलवायचं की." मी म्हटलं, "नाव मलाच सांगायचंय." त्यांनी प्रश्न काढला आणि माझ्याकडं बघितलं. मी नाव सांगितलं. माझ्याच तोंडाला ते अवघड गेलं. भाईंनी दोन बोटांनी टाइप केलं, आणि खातं उघडलं.

मला रडू आलं नाही, संतापच आला. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, मी रागावले. अहो, अठ्ठावीस वर्षांत एकदा तरी त्या नावानं हाक मारायची होती की! यंत्राला सांगून ठेवलंत, मला नाही.

भाईंनी सगळी पत्रं छापून दिली. इंग्रजी अक्षरांतलं मराठी. एकेक ओळ मी बोट ठेवून वाचली. पहिल्याच वर्षातल्या एका पत्रात होतं, 'बाबा, आईला सांगू नका, मी रोज रडते.' त्या रविवारी ओट्याला टेकून मला सांगितलं होतं, पोरगी मजेत आहे म्हणून. त्या दिवशी मी तिला दोन शब्द तरी लिहिले असते. आता काय उपयोग?

तेव्हाच ठरवलं, माझ्या मागं असं होऊ द्यायचं नाही. वर्षश्राद्धाच्या आत मी त्याच खुराड्यात बसून ईमेल शिकले. एका कागदावर सगळं लिहिलं. खातं कुठलं, पासवर्ड काय, मी गेल्यावर कोणी उघडायचं, कुठली पत्रं ठेवायची, कुठली न वाचता पुसायची. कागद विम्याच्या कागदाशेजारी ठेवला. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'तेराव्याची वाट बघू नका.' नणंद म्हणाली, "असलं अभद्र लिहू नगंस." मी म्हटलं, "न्हाय लिहिलं तर मरण चुकतंय व्हय?"

रविवारी लेकीला फोन लावला. तान्ही तिच्या मांडीवर होती. कागदावरचं सगळं सांगितलं, तिला लिहून घ्यायला लावलं.

"आणि आई, प्रश्न कुठला ठेवलायस?"

"बाबांनी ठेवलेलाच. उत्तरही तेच."

मी नाव सांगितलं. तिनं ते लिहून घेतलं.

"नुसतं लिहू नको. म्हणून दाखव."

पलीकडं मग तिनं ते नाव घेतलं, हळूच, परक्या बाईला हाक मारावी तसं.

"मोठ्यानं म्हण की."

तिनं मोठ्यानं म्हटलं. मी ओ दिली.