यादीतलं कल्याणचं नाव

आमचे हे, म्हणजे आदिनाथ, श्रीरामपूरच्या आसपास घरोघरी वाय-फाय बसवतात. घरातल्या कुणाच्या मोबाईलवर काय उघडावं आणि काय नाही, ते प्रत्येकाच्या नावानं लावून देतात; कुणी कधी काय उघडलं त्याची यादी ह्यांच्या लॅपटॉपवर दिसते. माणूस देवगुणी, पण भित्रा. मांजर आडवं गेलं तर गाडी पाच मिनिटं उभी. शिवाय एक खोड. कुणी वारलं तरी वर्षश्राद्धापर्यंत यादीतून त्याचं नाव काढायचं नाही. मी म्हणते, अहो, ते मशीन आहे, सातबारा नाही! पण ऐकतील तर शपथ.

मच्छिंद्रभाऊंच्या घरी हेच नडलं. त्यांचा धाकटा भाऊ कल्याण चैत्रात पाटाच्या पाण्यात वाहून गेला. बायको आधीच गेलेली. मागं नऊ वर्षांची संस्कृती. पोरीला मामाकडं धाडून सगळं उरकलं आणि मग तिला परत आणलं होतं.

दोन महिन्यांनी एका दुपारी ह्यांनी मला लॅपटॉपपाशी बोलावलं. चेहरा पांढराफटक.

"रेश्मा, कल्याण येतोय."

यादीत कल्याणचं नाव, वेळ सव्वाचार. काल सव्वाचार, परवाही, तेरवाही. रोज एकच पान उघडलेलं, पाटबंधारे खात्याचं, पाटाला पाणी कधी सुटणार ते सांगणारं. पाण्यात गेलेला माणूस पाण्याची तारीख बघत होता!

ह्यांनी मच्छिंद्रभाऊंना फोन लावला.

"आईशप्पत सांगतो, त्याचा मोबाईल पेटीत हाय," भाऊ म्हणाले. "खोक्यात घालून म्याच ठिवला. किल्ली माझ्या करदोट्याला." "पुसून टाका ते नाव, आदिनाथराव. आजच पाटाला पानी सुटलंय, लई वंगाळ वाटतंय."

मी घड्याळ बघितलं. साडेचार वाजून गेले होते आणि आज कल्याणचं नाव आलंच नव्हतं.

"भाऊ, संस्कृती कुठाय?" मी विचारलं.

"हितंच... हितंच हुती की."

"अहो, गाडी काढा!" मी ओरडले. "भूत कसलं, पोरगी आहे ती!"

पाटाच्या पायरीवर पोरगी घोट्याइतक्या पाण्यात उभी. हातात बापाचा मोबाईल. तिनं तो आधीच काढून घेतलेला; भाऊंनी पेटीत ठेवलं ते नुसतं रिकामं खोकं. पाणी गढूळ, मुकाट्यानं चढत होतं. मी दंडाला धरून तिला वर ओढलं, तेव्हा ते पिंढरीला लागलं होतं. ती रडलीसुद्धा नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"सोडा ना काकू. पप्पा पाण्याबरोबर लांब गेलेत, काका म्हनला. पानी आलं की येतील ना?"

"आणि बापाचा मोबाईल कशाला गं घेतलास?"

"पान्याचं पान माझ्या मोबाईलवर उघडत न्हाई. 'हे तुझ्यासाठी नाही, मोठ्यांना विचार,' असं येतं." तिनं ह्यांच्याकडं बघितलं. "मी समद्यांना इचारलं. कुनीच सांगत न्हाई."

ते वाक्य ह्यांनीच लिहिलेलं, लहान पोरांच्या मोबाईलसाठी.

मच्छिंद्रभाऊ धापा टाकत आले आणि तोंड फिरवून उभे राहिले. सांगणार कोण? मी तिला पोटाशी घट्ट धरलं आणि म्हटलं, "बाळा, पप्पा वारले. ते आता येणार नाहीत."

मग ती रडली.