शेवटच्या झाडापासूनची हाक

आमच्या शेजारच्या संत्रावाल्याला सगळे भोंगा म्हणतात. नाव मीच ठेवलं, आणि त्याबद्दल मला कधी वाईट वाटलेलं नाही. हा विहिरीवर पंपापाशी, बायको फावडं घेऊन बागेत. पाटाचं पाणी एकेका झाडाच्या आळ्यात वळवत ती शेवटच्या झाडापर्यंत जायची आणि तिथून ओरडायची, "भरलं हो! पंप बंद करा, चहा ठेवा!" हा दुप्पट आवाजात ओरडायचा, "ठेवतो!" रोज सकाळी माझी झोपमोड. एकदा मी भिंतीवरून म्हणालो, "घरातलं घरात बोलत जा की!" वहिनी नुसत्या हसल्या.

मागच्या हिवाळ्यात वहिनी गेल्या. भोंग्याचा आवाजही गेला. म्हणजे बोलायचा, पण ऐकणाऱ्याला कान पुढे करावा लागे. पाणी मात्र जुन्याच पद्धतीने देत राहिला. पंप सुरू करायचा, फावडं घेऊन टोकाला जायचं, शेवटचं आळं भरलं की पंप बंद करायला परत धावायचं. गुडघे दुखणारा माणूस धावणार तरी किती? तो पोचेपर्यंत आळं फुटून पाणी रस्त्यावर आणि रस्त्यावरून माझ्या दारात. तिसऱ्यांदा चपला वाहून गेल्या तेव्हा माझं डोकं फिरलं. पाणी वाचवायला ठिबक बसवणाऱ्या संत्रावाल्यांना सरकारकडून निम्मा खर्च मिळत होता. त्याचा अर्ज मीच आणून त्याच्यापुढे आपटला. "हे भर आणि माझ्या चपला वाचव."

त्याने मुकाट्याने भरला. अट अशी होती की पाट बुजवायचे. आठ दिवस तो एकटाच माती ओढत होता, वहिनींच्याच फावड्याने. मी हात लावायला गेलो तर "राहू दे" म्हणाला. मग नळ्या आल्या, बसल्या. आता फक्त तपासणी राहिली होती. शेवटच्या झाडापर्यंत पाणी पोचलं नाही तर अनुदान नाही, आणि नळ्यावाला नळ्या काढून नेणार. पाट तर बुजलेले आणि झाडं फळांनी लगडलेली. बाग वाळून गेली असती.

तपासणीला कृषी खात्याच्या एक बाई आल्या. अर्ज वाचता वाचता थांबल्या.

"पाणी देणारी माणसं दोन लिहिलंय. दुसरं कोण?"

भोंगा म्हणाला, "सवयीनं लिहिलं गेलं. बायको असायची."

बाईंनी दोनचा आकडा खोडून एक केला आणि बाजूला सही करायला सांगितली. त्याने सही केली. हा अर्ज मी उगाच आणला, असं मला वाटून गेलं.

"तुम्ही व्हॉल्व्हपाशी थांबा," बाई म्हणाल्या. "मी टोकाला जाते. पाणी आलं की ओरडेन, मग बंद करा."

त्याने व्हॉल्व्ह उघडला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. त्याच्या कपाळावर घाम आला. मीसुद्धा चपला विसरलो.

"आलं हो पाणी!" टोकावरून आवाज आला. "बंद करा!"

माझा जीव भांड्यात पडला. भोंगा हलला नाही.

"बंद करा! ऐकू येतंय ना?"

"अरे, बंद कर की," मी म्हणालो.

"थांब जरा." त्याने डोळे मिटले होते.

तिसऱ्यांदा ओरडून बाई तणतणत परत आल्या. "काका, घसा बसला माझा!"

"कान गेलेत माझे," म्हणत त्याने व्हॉल्व्ह बंद केला.

धादांत खोटं. भिंतीपलीकडची माझी कुजबुजही त्याला ऐकू जाते. पण मी गप्प राहिलो.

बाईंनी मंजुरीचा शेरा मारला. जाता जाता कौतुकाने म्हणाल्या, "आता हाका मारायला कुणी लागणार नाही, काका. एकट्यानं सगळं होईल."

"हो," भोंगा म्हणाला. मला कान पुढे करावा लागला.